सफाईचे कंत्राट कोणाला द्यावे?

आमच्या महाविद्यालयात दर दोन वर्षांनी साफसफाईचे कंत्राट दिले जाते. त्यासाठी एक समिती असते. प्राचार्य, कार्यालयीन अधीक्षक, लेखापाल आणि दोन प्राध्यापक. २०२२ साली ह्या समितीवर मला घेतले गेले. "तुम्ही पाहिजेतच, तुम्हांला त्या लोकांचे कळते," असे एक ज्येष्ठ सहकारी स्टाफरूममध्ये सर्वांदेखत म्हणाले. ते दुष्टपणाने म्हणाले असे मला वाटत नाही. त्यांच्या मनात जी वर्गवारी लहानपणापासून पक्की आहे तीत त्यांनी मला जागच्या जागी ठेवले, एवढेच. आणि खरे सांगायचे तर त्यांचे म्हणणे खोटेही नव्हते. माझी आई तालुक्याच्या गावी एका कार्यालयात अकरा वर्षे झाडलोट करीत होती. तिचे नाव कोणत्याही मस्टरवर नव्हते; साहेबाच्या हातून महिन्याला जे सुटेल ते घ्यायचे. तेव्हा त्या लोकांचे मला कळते. परंतु समितीवर बसून जे कळायला हवे होते, म्हणजे दरपत्रक कसे वाचावे, ते मला मुळीच कळत नव्हते.

पाच लिफाफे आले होते. ते फोडले, अधीक्षकांनी तुलनात्मक तक्ता केला, सर्वांत कमी दरापुढे खूण केली आणि आम्ही सह्या केल्या. वीस मिनिटे लागली. त्याच वर्षी प्राणिशास्त्र विभागाला सूक्ष्मदर्शक घ्यायचे होते. त्यासाठी तीन बैठका झाल्या होत्या. भिंगे कोणाची, दुरुस्तीला माणूस कुठून येणार, आधी कोणत्या महाविद्यालयाने घेतले, त्यांचा अनुभव काय, हे सारे विचारले गेले. सफाईच्या बाबतीत एकही प्रश्न कोणी विचारला नाही. मीही नाही.

दिवाळीनंतर एक बाई स्टाफरूमच्या दारात उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत. महाविद्यालयात झाडणाऱ्या सगळ्या बायकांना आम्ही 'मावशी' म्हणतो; त्यात प्रेम किती आणि नाव माहीत नसण्याची सोय किती, हे ज्याने त्याने ठरवावे. त्या म्हणाल्या, "सर, तुमी सही केली म्हनं त्या कागदावर. माझा फंड कुठं जायलाय, ते तेवढं बघून सांगा."

त्यांच्या मुलाच्या मोबाईलवर भविष्य निर्वाह निधीचे पासबुक उघडून पाहिले. जुलैपासून कामावर होत्या. नोंद एकाच महिन्याची, तीही अकरा दिवसांच्या मजुरीवर. प्रत्यक्षात त्या महिन्याचे सव्वीस दिवस भरत होत्या. पगार बँकेत येत होता, किमान वेतनाप्रमाणे पूर्ण येत होता. आणि दुसऱ्या दिवशी सुपरवायझर प्रत्येकीकडून दोन हजार रुपये रोख परत घेत होता. दोघींची एटीएम कार्डे तर त्याच्याच खिशात होती. कागद तपासणाऱ्याला कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती.

मी त्या रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो. जो हिशेब सह्या करण्यापूर्वी करायला हवा होता तो नंतर केला. वाचकांपैकी पुष्कळजण शाळा-महाविद्यालयांत, बँकांत, कार्यालयांत आहेत. आज ना उद्या अशा समितीवर त्यांची नेमणूक होईल. म्हणून तो हिशेब येथे मांडतो.

कामगाराची मजुरी शंभर रुपये धरा. तिच्यावर मालकाने भरावयाचा भविष्य निर्वाह निधी १२ रुपये, त्याच्याशी जोडलेला विमा आणि प्रशासन खर्च मिळून आणखी १ रुपया. राज्य विमा, म्हणजे ज्याला आपण ईएसआय म्हणतो, त्यात मालकाचा वाटा ३ रुपये २५ पैसे. कमीत कमी बोनस ८ रुपये ३३ पैसे. बेरीज झाली १२४ रुपये ५८ पैसे. ह्यात अजून खराटा नाही, फिनेल नाही, गणवेश नाही, गुत्तेदाराचा नफा नाही. आमच्या वसतिगृहाचे संडास रविवारीही धुवावे लागतात. सहा जागा सातही दिवस चालवायच्या आणि प्रत्येकाला आठवड्याची सुट्टी द्यायची तर माणसे सात लागतात, सहा नव्हे. त्या सातव्या माणसाची मजुरी कोणत्याच दरपत्रकात मला दिसली नाही. एकूण बिलावर १८ टक्के जीएसटी निराळा. (बारावीपर्यंतच्या शाळेला आवारातील सफाईच्या सेवेवर हा कर माफ आहे, महाविद्यालयाला नाही. ह्यामागचे तर्कशास्त्र मला उमगलेले नाही.)

आमच्या न्यूनतम दरवाल्याचा दर ह्या हिशेबाने शंभराला एकशे नऊ रुपये पडत होता. म्हणजे कायद्याने द्यावयाच्या रकमेतच साडेपंधरा रुपये कमी, शिवाय सामान आणि नफा. हा माणूस धर्मादाय करायला आलेला नव्हता. ही तूट तो कुठून तरी भरून काढणार, हे त्याने आम्हांला आकड्यांत, शिक्का मारून, लेखी कळवले होते. आम्ही ते वाचले नाही. किंवा असे म्हणू, की वाचण्याची गरज कोणाला वाटली नाही. मावशींचे दोन हजार सुपरवायझरने घेतले हे खरे, परंतु ते घेण्याची परवानगी आमच्या पाच सह्यांनी दिली होती.

येथे 'विश्वासू' ह्या शब्दाचा विचार केला पाहिजे. निविदेत लिहिलेले असते, 'अनुभवी व विश्वासू ठेकेदारांकडून दर मागविण्यात येत आहेत'. कार्यालयाच्या मते विश्वासू म्हणजे ज्याची माणसे वेळेवर येतात, चोरी करीत नाहीत, तोंड वर करून बोलत नाहीत. कामगाराला पगार नीट मिळतो की नाही ही बाब त्या शब्दात बसतच नाही. ती गुत्तेदाराची घरगुती बाब समजली जाते. माझा अनुभव असा, की हे दोन विश्वास निराळे काढता येत नाहीत. जो माणसांचा फंड खातो तो महाविद्यालयालाही सोडत नाही. आमच्या हजेरीपटावर चौदा नावे होती आणि एके सकाळी मी प्रत्यक्ष मोजली तेव्हा माणसे अकरा भरली. फिनेलच्या कॅनमध्ये पाणी होते. ज्यांना कामगाराच्या हक्काशी कर्तव्य नाही अशा सभासदांना मी हीच गोष्ट सांगतो. ती त्यांना पटकन पटते.

२०२४ साली पुन्हा निविदा निघाली तेव्हा मी एकच आग्रह धरला. आधी महाविद्यालयाने स्वतः हिशेब करावा. किमान वेतन, फंड, ईएसआय, बोनस, बदली माणूस हे सारे धरून एक तळरेषा काढावी आणि तीखालचा लिफाफा विचारातच घेऊ नये. स्पर्धा व्हायची ती सामान, यंत्रे, देखरेख आणि सेवाशुल्क ह्यांवर व्हावी. माणसाच्या पोटावर नको. लेखापाल म्हणाले, लेखापरीक्षक आक्षेप काढतील, न्यूनतम दर का डावलला म्हणून. तेव्हा मी त्यांना दाखवले, की मनुष्यबळाच्या निविदेत सेवाशुल्क शून्य लिहिणाऱ्याची निविदा बाद समजावी असे केंद्राच्या वित्त मंत्रालयाने २०१४ सालीच कळवलेले आहे. फुकट काम करतो म्हणणाऱ्यावर सरकारचासुद्धा विश्वास नाही. आपल्या राज्यात किमान वेतनातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, बदलत आला आहे. दोन वर्षांचा दर एकदाच गोठवला तर पहिल्याच सहामाहीनंतर प्रामाणिक गुत्तेदारालाही बेइमान व्हावे लागते. म्हणून भत्ता वाढला की बिल वाढेल, असे करारात घातले. ह्या एका वाक्यासाठी चार बैठका लागल्या.

गुत्तेदाराची पारख कशी करावी? अनुभवाचा दाखला बघू नये असे नाही, परंतु तो दाखला देणारा माणूस बहुधा आमच्यासारखाच एक अधीक्षक असतो. मी त्यापेक्षा दुसरा मार्ग धरला. गुत्तेदार सध्या जेथे काम करतो त्या ठिकाणी सकाळी साडेसहाला गेलो. एक बँक, एक दवाखाना, एक मंगल कार्यालय. झाडणाऱ्या बायकांना विचारले, पगार किती तारखेला होतो? पगाराची पावती मिळते का? कार्ड कोणाजवळ असते? आजारी पडलात तर कोणत्या दवाखान्यात जाता? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर फार बोलके असते. ज्या बाईला ईएसआयचा दवाखाना माहीत आहे तिचे कार्ड खरे आहे असे समजावे. दोन ठिकाणी बायका बोलल्या नाहीत, सुपरवायझरकडे बघत राहिल्या. तेही उत्तरच होते.

कागद मागायचे तर मागील सहा महिन्यांची फंडाची चलने मागावीत, आणि नुसते एकूण रकमेचे चलन न घेता त्यासोबतची नावनिहाय यादी घ्यावी. एकूण रकमेच्या चलनाने फसवणूक लपते. दुसऱ्याच गावच्या कामगारांचे चलन आपल्या बिलाला जोडलेले मी पाहिले आहे. आता आमच्याकडे दर महिन्याचे बिल त्या यादीशिवाय मंजूर होत नाही. पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत झाला पाहिजे, हा कायदाच आहे. महाविद्यालयाचे बिल उशिरा निघाले ही सबब गुत्तेदाराला चालणार नाही, असे करारात आहे. आणि खरे सांगतो, बिल उशिरा काढण्याचा दोष पुष्कळदा आमच्याच कार्यालयाकडे असतो.

सफाईच्या कामाचे स्वतःचे एक शास्त्र आहे आणि समितीला त्याची गंधवार्ता नसते. संडासाचा पोछा आणि वर्गाचा पोछा एकच वापरला तर सफाई होत नाही, घाण मात्र समान वाटली जाते. ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर एकत्र झाली की क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत तो जीवघेणा ठरू शकतो. आमच्याकडे दोन्ही वस्तू एकाच बादलीत ओतल्या जात असत, कारण 'डाग लवकर निघतो'. रसायनशास्त्राचा विभाग त्याच मजल्यावर आहे! रबरी हातमोजे आणि गमबूट निविदेत होते. प्रत्यक्षात ते तपासणीच्या दिवशी निघत आणि पुन्हा पेटीत जात. त्या पेटीची किल्ली सुपरवायझरकडे.

आणि जेवणाची जागा. आमच्या बायका जिन्याखाली, मुतारीच्या भिंतीला पाठ लावून डबा खात होत्या. आता एक खोली दिली आहे. त्यासाठी एका विभागाचे जुने कपाट हलवावे लागले आणि त्यावरून जी पत्रापत्री झाली ती विद्यापीठाच्या एखाद्या प्रबंधाइतकी भरेल.

आता थोडे कायद्याविषयी, कारण हा प्रश्न एका महाविद्यालयाचा नाही. कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) अधिनियम १९७० साली आला. नावात निर्मूलन आहे हे लक्षात घ्या. ९ डिसेंबर १९७६ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून आपल्या अखत्यारीतील आस्थापनांच्या इमारतींत झाडणे, पुसणे, धूळ काढणे आणि पहारा ह्या कामांना कंत्राटी कामगार लावण्यास बंदी केली. इमारत रोज झाडावी लागते, मग झाडणारा कायमचा का नसावा, हा साधा विचार तिच्यामागे होता. १९९६ साली एअर इंडियाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यापुढचे पाऊल टाकले. बंदी झाल्यावर ते कामगार मुख्य मालकाचे झाले, असे सांगितले. २००१ साली स्टील अथॉरिटीच्या खटल्यात घटनापीठाने तो निर्णय फिरवला आणि १९७६ ची अधिसूचनाही रद्द केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता अमलात आल्या. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत आस्थापनेच्या गाभ्याच्या कामात कंत्राटी कामगार लावू नयेत असे म्हटले आहे. आणि लगेच पुढे, गाभ्याचे काम कशाला म्हणू नये त्याची यादी दिली आहे. त्या यादीत पहिलेच नाव साफसफाईचे आहे. झाडणे, पुसणे, कचरा उचलणे. जवळजवळ पन्नास वर्षांत आम्ही कोठून कोठे आलो ते एवढ्यावरून दिसते. एक दिवस संडास धुतले नाहीत तर ज्या महाविद्यालयात मुली थांबू शकत नाहीत, त्या महाविद्यालयाच्या दृष्टीने हे काम गाभ्याचे नाही.

आणखी एक मेख आहे. जुना कायदा वीस कंत्राटी कामगारांपासून लागू होता. महाराष्ट्राने ती मर्यादा पुढे पन्नासवर नेली आणि नव्या संहितेनेही पन्नास हीच संख्या धरली आहे. आमच्यासारख्या चौदा माणसांच्या ठिकाणी परवाना, विश्रांतीची खोली, पगाराच्या थकबाकीची मुख्य मालकावरील थेट जबाबदारी ही कलमे पोहोचतच नाहीत. उरते ती वेतन संहिता. तिच्या ४३ व्या कलमाप्रमाणे मालकाने वेतन दिले नाही तर कामगार ज्या आस्थापनेत राबतो तिच्या मालकावर जबाबदारी येते. म्हणून, कायद्याने जे चौदा माणसांना दिले नाही ते करारात लिहून घ्यावे लागते. करारपत्राला आपल्याकडे कारकुनी काम समजतात. मला ते आता लढाईचे काम वाटते.

करारपत्र वाचताना आमच्या जुन्या मसुद्यात सतरावे कलम सापडले : 'चोकअप काढणे, चेंबर व टाकी स्वच्छ करणे इत्यादी अनुषंगिक कामे.' अनुषंगिक! २०२३ च्या मार्चमध्ये ह्याच कलमाने आमच्या वसतिगृहात दोन मुले टाकीच्या तोंडाशी आणून उभी केली होती. टाकी तुंबली होती, दुसऱ्या दिवशी परीक्षा, बाहेरगावचे निरीक्षक यायचे होते. गुत्तेदाराने दोरी, बादली आणि ती दोन मुले पाठवली. एकाने सदरा काढून ठेवला होता. शिपायाने मला निरोप दिला म्हणून मी गेलो. मी काही मोठे केले नाही. आरडाओरड केली आणि नगरपालिकेची मैला उपसणारी गाडी योगायोगाने मोकळी होती म्हणून ती आली. ती आली नसती तर मी किती वेळ अडवू शकलो असतो हे मला सांगता येत नाही. प्राचार्य माझ्यावर नाराज झाले, कारण तमाशा झाला. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. तो जसा गुत्तेदाराला लागतो तसा उतरवून घेणाऱ्या संस्थेलाही. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाख ठरवली होती, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख केली. मी सभेत हे कलम वाचून दाखवले तेव्हा 'संस्थेलाही' ह्या शब्दावर सर्वांनी माना वर केल्या. सतरावे कलम त्याच दिवशी गेले. वर्षातून दोनदा गाडी बोलवायची तरतूद झाली.

जातीचा उल्लेख निविदेत कुठेही नसतो. तरीही पाचही गुत्तेदारांनी आणलेली माणसे बौद्ध, मातंग आणि मेहतर वस्त्यांतीलच असतात, सुपरवायझर त्या वस्तीतला नसतो, आणि ह्याचे कोणाला नवल वाटत नाही. झाडूवाल्याचे 'हाउसकीपिंग' झाले, खाकीचा निळा गणवेश झाला, वस्ती तीच राहिली. लाड-पागे समितीच्या शिफारशींनी सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळू लागली तेव्हा आपल्या चळवळीत वाद झाला होता, की ही सवलत आहे की झाडूची वतनदारी. तो वाद मोलाचा होता. कंत्राटाने तो निकालात काढला. नोकरी गेली आणि वतनदारी तेवढी उरली. बाबासाहेबांनी मुंबईत १९३५ साली म्युनिसिपल कामगार संघ उभा केला तेव्हा कामगारासमोर मालक एक होता आणि त्याचा पत्ता ठाऊक होता. आज आमच्या मावशींना मालक विचारला तर त्या सुपरवायझरचे नाव सांगतात. तरीसुद्धा कचरा वाहतूक श्रमिक संघाने मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांसाठी लढा दिला आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन त्यांना कायम करून घेतले, ही गोष्ट विसरता येत नाही.

एक अप्रिय गोष्टही लिहिली पाहिजे. २०२४ च्या सहा लिफाफ्यांत दोन आपल्याच समाजातील तरुणांचे होते. एक तर माझा विद्यार्थी. त्याचा दर तळरेषेखाली होता. तो घरी येऊन म्हणाला, "सर, तुम्हीच आम्हांला बाहेर काढणार? ते लोक दोन नंबरचा सगळा हिशेब बसवतात, मी नाही बसवला तर टिकणार कसा?" त्याच्या प्रश्नात खोटे काही नव्हते. त्याला मी दर पुन्हा मांडायला बसवले नाही, कारण मी समितीवर होतो. त्याचा लिफाफा बाद झाला. तो आता भेटतो तेव्हा नमस्कार करतो, थांबत नाही. बेरोजगारांच्या सेवा सहकारी संस्थांचाही एक मार्ग सांगितला जातो; आमच्याकडे आलेल्या अशा संस्थेचे सभासद कोण असे विचारले तेव्हा अध्यक्षांना स्वतःखेरीज तिसरे नाव आठवेना. पुण्यात मात्र १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत निघाली आणि तिच्यातून झालेल्या 'स्वच्छ' संस्थेने २००८ साली महापालिकेशी करार केला. कचरा वेचणाऱ्या बायकाच तिच्या सभासद आहेत. ते काम घरोघरच्या कचऱ्याचे आहे, इमारतीच्या सफाईचे नव्हे. तरी आमच्या चौदा बायकांनी उद्या स्वतःची संस्था काढून लिफाफा टाकला तर बयाणा रक्कम कोठून आणायची, तीन वर्षांच्या अनुभवाची अट कशी भरायची, ह्याचा विचार मी करीत असतो. त्यांतल्या कित्येकींना ह्याच इमारतीचा बारा-पंधरा वर्षांचा अनुभव आहे. गुत्तेदार बदलले, बायका त्याच राहिल्या. तो अनुभव निविदेच्या कोणत्या रकान्यात लिहावा?

येत्या निविदेसाठी अनुभवाची ती अट काढावी आणि बयाणा कमी करावा, असे टिपण मी समितीपुढे ठेवले आहे. त्यावर अजून बैठक झालेली नाही. मावशींच्या पासबुकात आता दर महिन्याला सव्वीस दिवसांची नोंद येते. २०२२ च्या त्या पाच महिन्यांचे पैसे मिळालेले नाहीत. तो गुत्तेदार आता दुसऱ्या जिल्ह्यात काम करतो आणि त्याने तेथे जोडलेल्या अनुभवाच्या दाखल्यांत आमच्या महाविद्यालयाचाही एक आहे. 'काम समाधानकारक' असे त्यात लिहिले आहे. खाली समितीच्या सह्या आहेत.